चौथं कार्ड

बाकीच्यांचा राग नाकावर असतो, तिचा चपलांत असायचा. ती जिना चढायला लागली की तिसऱ्या मजल्यावरची माणसं नुसत्या आवाजावरून सांगत, आज कुणाचं तरी काही खरं नाही. इमारतीत तिचं नाव करवत. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती, पण पाठ वळली की करवत. पाण्याच्या पंपावरून, जिन्यात लावलेल्या सायकलीवरून, वरून झटकलेल्या पायपुसण्यावरून तिनं उभा कापला नाही असा माणूस त्या इमारतीत शोधून सापडला नसता. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि दिवसातून मोजून चार वाक्यं बोलायचा. उरलेली सगळी तिच्या वाट्याला गेली होती.

आणि ही बाई करायची काय? तर मुलांना लोकांशी नीट कसं वागावं ते शिकवायची.

हे ऐकून नवा भाडेकरू हमखास हसायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कुणीतरी म्हणायचंच. मग कुणीतरी ‘हळू, भिंती पातळ आहेत’ असंही म्हणायचं.

गल्लीच्या टोकाला स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि त्याच्या डोक्यावर दोन खोल्यांत ऑटिझम असलेल्या मुलांचं केंद्र. ती तिथं पहिल्यांदा गेली ती भांडायला. दुपारभर खुर्च्या आपटल्याचा आवाज येत होता. ती तरातरा वर चढली, तर आत एक तरुण शिक्षिका पाच मुलांना रांगेत उभं राहायला शिकवत होती. चित्रातल्या बदकांची गोष्ट सांगून. मुलं बदकांकडे बघत होती, रांग काही होत नव्हती. एक मुलगा टेबलाखाली आडवा पडून खुर्चीला लाथा घालत होता.

करवत दारातच म्हणाली, “अहो, रांग अशी असते होय? बदकांच्या रांगेत कधी कुणी मध्येच घुसतं का? मागचा ढकलतो का? खिडकी ऐन वेळी बंद होते का?”

आणि ती आत शिरली. खुर्चीची खिडकी केली, स्वतः मागे बसली, आणि खऱ्या रांगेत जे जे होतं ते ते करून दाखवलं. टेबलाखालचा मुलगा बाहेर येऊन उभा राहिला, कारण पहिल्यांदाच कुणीतरी त्याला सांगत होतं की पुढचा माणूस का हलत नाही.

ही विद्या तिनं कुठून आणली? पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीमागून. अठरा वर्षं ती तिथं बसली होती. गोड बोलणं तिच्या रक्तात कधीच नव्हतं. ते तिनं कार्डावरून शिकलेलं होतं. खिडकीच्या आतल्या बाजूला, लोकांना दिसणार नाही असं, तिनं स्वतःसाठी एक पुठ्ठ्याचं कार्ड चिकटवलं होतं. आधी ऐक. मग नाव विचार. मग घर नंबर विचार. ओरडणाऱ्याच्या कपाळाकडे बघ, डोळ्यांत बघितलंस तर तूही ओरडशील. बाकीच्या कारकुनांना हे उपजत येत होतं, तिला लिहून ठेवावं लागत होतं. म्हणून तर तिला शिकवता आलं. ज्याला पोहणं आईच्या पोटातून येतं तो दुसऱ्याला काय सांगणार, हात कधी मारायचा?

केंद्रात तिनं तीच पद्धत आणली. पांढऱ्या पुठ्ठ्याची बारा कार्डं, कोपऱ्याला भोक, भोकातून कडी, आणि कडी कमरेच्या पट्ट्याला. एक नंबर, आधी ऐक, मग बोल. दोन नंबर, दार बंद असेल तर ठोठाव आणि थांब. सात नंबर, डोळ्यांत बघणं जमत नसेल तर कपाळाकडे बघ, कुणाला कळत नाही. अक्षर तिचंच, टपोरं. मुलं तिला बाई म्हणत. आणि बाई मुलांवर कधी ओरडत नसे, हे इमारतीत कुणाला सांगूनही पटलं नसतं. तिचं म्हणणं साधं होतं. ही मुलं सांगितलेलं ऐकतात, सांगितलं नाही ते ऐकत नाहीत. ओरडायचं ते न सांगणाऱ्यांवर.

या कार्डांवर वाढलेली पहिली मुलगी म्हणजे घड्याळ. हे नाव मुलीनं स्वतःच घेतलं होतं. तिला वेळ न बघता कळायची, मिनिटासकट. माणसांची आरडाओरड तिला सहन होत नसे, कापडाच्या कडा एकमेकींवर बसल्या की मात्र तिचा चेहरा सैल पडायचा. दहाव्या वर्षी ती केंद्रात आली तेव्हा कुणाशी बोलत नव्हती. सतरा पुरी झाली तेव्हा बारा कार्डं तिला तोंडपाठ होती आणि एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत तिला सहा आठवडे चाचणीवर घेतलं होतं. काम चादरींच्या घड्या घालण्याचं. चार पदरी घडी, शिवण आत, दहाचा एक गठ्ठा, गठ्ठा आपल्या फळीवर. चाचणी पार पडली तर नोकरी कायम. केंद्रातून आजवर एकही मूल कायम नोकरीला लागलं नव्हतं. मुलीची आई त्या सहा आठवड्यांत श्वास रोखूनच वावरत होती.

चौथ्या आठवड्यात केंद्राचे संचालक एक पत्र नाचवत वर आले. माणूस गोड, इतका गोड की करवतीला त्याच्या शेजारी बसलं तरी दात ठणकायचे.

“वाचतो हं बाई. ‘आपली विद्यार्थिनी अत्यंत आज्ञाधारक, हसतमुख असून कधीही कोणत्याही कामास नकार देत नाही. अशाच आणखी चार मुली असल्यास पाठवाव्यात.’ खाली मुकादमाची सही. भिंतीवर फ्रेम करून लावू या आपण.”

“बघू,” म्हणून बाईंनी पत्र दोनदा वाचलं. अठरा वर्षांत खिडकीवर कुणी आभाराचं पत्र फुकटात आणून दिल्याचं तिला आठवत नव्हतं. “कधीही कोणत्याही कामास नकार देत नाही म्हणजे काय हो?”

“म्हणजे चांगली आहे.”

“चांगला तर बैलही असतो,” बाई म्हणाल्या आणि चपला घातल्या.

हॉस्पिटलच्या तळघरात भिंतींना घाम होता. यंत्रांची घरघर, ओल्या कापडाचा वास, लांबलचक टेबलं. बाई पोचल्या तेव्हा जेवणाची सुट्टी होती. चार बायका उलट्या क्रेटवर पाय लांब करून बसल्या होत्या, रिकामे डबे शेजारी. एकीची वेणी कमरेखाली जात होती, ती मोबाइलवर काहीतरी दाखवत होती आणि बाकीच्या हसत होत्या. टेबलाशी एकटी घड्याळ उभी. तिच्यापुढे पाच ढीग. आणि तिच्या चेहऱ्यावर एक हसू, खिळ्याला अडकवल्यासारखं.

“जेवलीस?”

“नाही. एक वाजून सतरा मिनिटं झाली.”

“सुट्टी कधी असते?”

“एक ते दीड.”

“मग जेवत का नाहीस?”

“मदत मागतात,” मुलगी हात न थांबवता म्हणाली. “आधी ह्यांचं, मग त्यांचं, मग माझं. माझं होईपर्यंत दोन वाजतात. दोनला सुट्टी नसते.”

“रोज?”

“पहिल्या सोमवारी नाही. मंगळवारपासून रोज.”

तिच्या बोटांची पेरं लाल होऊन सोलली होती. बाई वळल्या.

“काय हो, हातपाय शाबूत दिसतात तुमचे. ही पोर तुमची मोलकरीण का?”

लांब वेणीवालीनं मोबाइलवरून मान वर केली. तशी ती काही राक्षसीण नव्हती. चांगली हसऱ्या तोंडाची, कुणाच्या तरी घरी मावशी असेल अशी. “अय्या, रागवताय कशाला? आम्ही जबरदस्ती करतो का? ‘एवढं करतेस का गं’ म्हटलं की ती हो म्हणते. तिला आवडतं. बघा की, हसतेय.”

“ते हसू मी शिकवलंय,” बाई म्हणाल्या.

आणि मग जे सुरू झालं ते तळघरातल्या यंत्रांनाही झाकून टाकणारं होतं. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणता का, आयत्या बिळावरच्या नागोबांनो, तुमच्या पोटच्या पोरीला असं राबवलं असतंत का, आणि बरंच काही, जे खिडकीमागे अठरा वर्षं दाबून ठेवलेलं होतं. मुकादम धावत आला. जाडसर माणूस, कानामागे पेन. त्यानं हात वर केले आणि नुसतं बोट दाखवलं.

घड्याळ टेबलाखाली बसली होती. दोन्ही हात कानांवर, डोळे मिटलेले, आणि तोंडानं एकसारखं, “एक वीस, एक वीस, एक वीस.”

“बाई,” मुकादम हळू आवाजात म्हणाला, “इतके दिवस ती इथं आहे. टेबलाखाली आज पहिल्यांदा गेली.”

करवत गुडघ्यांवर बसली, हातभर अंतर राखून, आणि वाट बघत राहिली. एक सव्वीसला मुलीनं डोळे उघडले. कडीतलं एक कार्ड पुढे काढून तिनं बाईंना दाखवलं. कोपरे झिजलेले, वर लॉन्ड्रीच्या साबणाचा डाग.

चार. कुणी मदत मागितली की हसून ‘हो’ म्हणायचं.

“मी बरोबर करतेय ना?” मुलीनं विचारलं.

त्या दिवशी करवत जिना चढली तेव्हा चपलांचा आवाज आला नाही. तिसऱ्या मजल्यावर लोकांना वाटलं बाई आजारी आहेत. नवरा काचा घासून आला तर ती अंधार पडायच्या आधीच अंथरुणावर.

“काय झालं?” त्यानं चारातलं एक वाक्य खर्च केलं.

“आमच्या खिडकीवर काय लिहिलेलं असायचं आठवतं? मी लावलेलं नाही. साहेबानं लावलेलं. लोकांच्या बाजूला.”

नवऱ्याला आठवत होतं. त्या पाटीवरून ती रोज घरी येऊन भांडी आपटायची. ‘आम्ही हसून हो म्हणतो.’ हिरव्या अक्षरांत. त्या पाटीखाली बसून तिनं तीन साहेबांची कामं ओढली होती, दुसऱ्यांच्या रजा भरून काढल्या होत्या, आणि एक दिवस नाही म्हटलं तेव्हा तिला उद्धट ठरवून घरी पाठवलं होतं. अठरा वर्षं जी ओळ बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, तीच ओळ मुलांची कार्डं लिहिताना तिच्या हातानं आपसूक उतरवली. विचार न करता. चांगलं वागणं म्हणजे काय, असं मनात आलं आणि हात चालला.

“दुसऱ्या कुणी लिहिलं असतं ना,” ती भिंतीकडे बघत म्हणाली, “तर मी त्याची हाडं मोडली असती.”

नवऱ्यानं दिवा लावला नाही. तो शेजारी बसून राहिला. उरलेली तीन वाक्यं त्यानं तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केंद्रात मुलगी आली तेव्हा बाईंनी हात पुढे केला. “चार नंबर काढून दे. ते चुकलं होतं.”

घड्याळनं कडी मुठीत धरली. “कार्ड काढता येत नाही. तुम्ही सांगितलंय, कार्डं रोज बाराच पाहिजेत.”

“हे रद्द झालं.”

“कुणी केलं?”

“मी.”

“सही कुठे आहे?”

बाईंनी पेन काढून कार्डावर आडवी रेघ मारली, ‘रद्द’ लिहिलं, खाली सही आणि तारीख. मुलीनं ते नीट तपासलं. मग तिच्या कपाळावर आठी आली.

“चार नंबर चुकीचं असेल तर पाचही चुकीचं आहे का? सहा?”

“नाही. बाकीची बरोबर आहेत.”

“कशावरून?”

सात वर्षं ही पोर बारा पुठ्ठ्यांवर उभी होती आणि तिच्या पायाखालचा एक आज काढला होता. बाईंना चूक कबूल करायची सवय नव्हती. सुपारी फोडावी तसं एकेक अक्षर त्यांनी फोडलं.

“मी. चुकले. ते माझ्या ऑफिसात लिहिलेलं होतं. मी तसंच उतरवलं.”

“तुम्ही ऑफिसात हसून हो म्हणायचात?”

“हो. अठरा वर्षं.”

“मग?”

“मग एक दिवस नाही म्हटलं.”

“मग काय झालं?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण या पोरीशी खोटं बोललं की ते खोटं कडीत अडकून वर्षानुवर्षं तिच्या कमरेला लटकणार, हे त्यांना कालच कळलं होतं.

“नोकरी गेली.”

“म्हणजे,” मुलगी सावकाश म्हणाली, “नाही म्हटलं की नोकरी जाते.”

“जाऊ शकते.”

“किती टक्के?”

“माहीत नाही गं बाई. खरंच माहीत नाही. पण हो म्हणत राहिलीस तर तू जेवणार नाहीस, हे शंभर टक्के.”

घड्याळनं त्यावर पाच मिनिटं विचार केला. खाली गॅरेजवाला एका स्कूटरला लाथा मारत होता, ती सुरू होत नव्हती. शेवटी मुलगी म्हणाली, “नाही कसं म्हणतात ते करून दाखवा.”

मग त्या खोलीत ‘नाही’ची तालीम सुरू झाली. बाई लांब वेणीवाली झाल्या, खांद्यावर ओढणीची वेणी टाकून. “एवढं करतेस का गं? डोकं दुखतंय.” घड्याळ म्हणायची, “नाही. हा तुमचा ढीग आहे.” आवाज असा की गाडी कुठल्या फलाटावर येते ते सांगतेय. तो आवाज बाईंनी बदलू दिला नाही. मग बाई लाडीगोडी लावायच्या, मग रुसायच्या, मग टोमणे मारायच्या, “बघा, शिंगं फुटली हिला.” घड्याळ म्हणायची, “शिंगं नाहीत. ढीग तुमचा आहे.” सगळ्यात अवघड होतं ते नंतरचं गप्प राहणं. नाही म्हटल्यावर समोरचा बघत राहतो, आणि ते बघणं थांबावं म्हणून माणूस हो म्हणून टाकतो. हे भल्याभल्यांना जमत नाही. बाई समोर उभ्या राहून टक लावायच्या आणि मुलगी त्यांच्या कपाळाकडे बघत मनात सेकंद मोजायची. पहिल्या दिवशी आठ सेकंदांत हरली. चौथ्या दिवशी नव्वद.

बाकीच्या मुलांनी हे ऐकलं आणि त्यांनाही तो शब्द आवडला. इंजिनांखेरीज दुसऱ्या कशावरही न बोलणारा नऊ वर्षांचा मुलगा घरी जाऊन आजोबांना म्हणाला, “नाही. पापी देणार नाही. दाढी टोचते.” दुसऱ्याच दिवशी सगळे पालक केंद्रात हजर.

संचालक घामाघूम झाले. “बाई, आपण मुलांना समाजात मिसळायला शिकवतो. तुम्ही हे काय चालवलंय? पालक म्हणतात, घरात उलट उत्तरं वाढली.”

“उत्तरं वाढली म्हणजे बोलायला लागली. त्यासाठीच आणून सोडतात ना इथं?”

“ते पत्र आलं होतं चांगलं. लॉन्ड्रीवाले चार मुली घ्यायला तयार होते. तुम्ही तिथं जाऊन तमाशा केलात. आता ती पोरगी चाचणीत नापास झाली तर तुम्हीही या जिन्याची पायरी चढू नका.”

“चार मुली,” बाई म्हणाल्या. “आणि तुम्ही फ्रेम करणार होतात.”

पण खरी जिरली ती मुलीच्या आईसमोर. आई एका शाळेत शिपाई होती. ती भांडली नाही, ओरडली नाही. दारात उभी राहून म्हणाली, “बाई, हात जोडते. दोन आठवडे राहिलेत. होऊ दे तिला कायम. थोडं जास्त काम केलं तर काय बिघडतं? मी आयुष्यभर केलंच की.”

“म्हणूनच,” बाई म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य गिळलं.

“तुमचं ठीक आहे. तुम्ही भांडू शकता. माझ्यामागे तिचं कोण आहे? तिला लोकांनी सांभाळून घ्यायला हवं असेल तर तिनं लोकांच्या उपयोगी पडायला नको?”

ती बाई दमलेली होती आणि चूक नव्हती, हे सगळ्यात वाईट. चुकीच्या माणसावर ओरडता येतं. करवत म्हणाली, “तिला विचारा.”

आईनं विचारलं. घड्याळ म्हणाली, “मला भूक लागते.”

पाचव्या आठवड्यात सोमवारी एक वाजता लांब वेणीवाली म्हणाली, “एवढं करतेस का गं?” आणि फलाटावरच्या आवाजात उत्तर आलं, “नाही. हा तुमचा ढीग आहे.” तळघरात कुणाच्याही हातचं भांडं पडलं नाही, यंत्रं चालूच राहिली. फक्त तेव्हापासून तिच्याशी कुणी बोलेना. तिचं स्टूल कुणीतरी पार तिकडे नेऊन ठेवायचं. तिच्या कोरड्या ढिगात मधूनच एखादी ओली चादर निघायची. कुणी विचारलं तर सगळ्याजणी छताकडे बघायच्या. घड्याळ रोज संध्याकाळी हे सगळं मिनिटासकट सांगायची आणि बाई ऐकताना टेबलाची कड अशी धरायच्या की नखं पांढरी पडायची. दोनदा त्यांनी चपला घातल्या आणि दोनदा काढून ठेवल्या.

सहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी मुकादमानं मुलीला पाऊण वाजता ऑफिसात बोलावलं. बाई बरोबर गेल्या. रस्ताभर त्या मनात धार लावत होत्या. मुकादमासाठी तीन वाक्यं, बायकांसाठी सात, आणि हॉस्पिटलच्या वरच्या साहेबासाठी एक खास. ऑफिस म्हणजे काचेचं अर्धं दार असलेली कोपऱ्यातली खोली. घड्याळनं ठोठावलं, थांबली, मग मागे वळली.

“नाही. तुम्ही आत येऊ नका.”

“अगं, मी फक्त—”

“तुम्ही ओरडता. मग मला टेबलाखाली जावं लागतं. टेबलाखालून बोलता येत नाही.”

बाईंनी तोंड उघडलं. मुलगी त्यांच्या कपाळाकडे बघत गप्प उभी राहिली. दहा सेकंद, वीस, तीस. करवत हरली. ती बाहेर एका उलट्या क्रेटवर बसली, त्याच क्रेटवर, जिथं त्या बायका बसायच्या, आणि रुमालाचा बोळा करून दातांत धरला. काचेपलीकडचं सगळं ऐकू येत होतं. ऐकू येणं आणि बोलता न येणं, तोंड दाबून बुक्क्यांचा मार दुसरा काय असतो?

“हल्ली तू कुणाला मदत करत नाहीस, अशी तक्रार आहे,” मुकादम म्हणाला.

“चार नंबर रद्द झालंय.” पुठ्ठा टेबलावर ठेवल्याचा आवाज. “सही आहे.”

मुकादमानं बराच वेळ ते कार्ड पाहिलं असावं. “आधी किती छान चाललं होतं. सगळ्याजणी खूश होत्या. वॉर्डांना चादरी वेळेवर जात होत्या. आता रोज वरून फोन येतात, चादरी कमी पडतात म्हणून.”

“माझी फळी भरलेली आहे.”

“तुझी आहे.”

“बाकीच्या फळ्या रिकाम्या आहेत. त्या माझ्या नाहीत. आधीही त्या मीच भरायचे.”

मुकादम काही आंधळा नव्हता. रोज एक ते दीड तो याच काचेतून तिच्याकडे बघत होता, आणि त्याला ते सोयीचं होतं. बाहेर बाईंनी रुमालात दात रोवले. आता बोलते मी, आता दार ढकलते.

“हे बघ,” मुकादमाचा आवाज मऊ झाला, त्या संचालकासारखा. “तू आधीसारखं काम कर. आजच्या आज तुझ्या कागदावर सही करतो. कायम.”

बाई उठल्या. एक पाय पुढे टाकला. मुलीला हवं होतं ते समोर ठेवलं होतं, आईला हवं होतं ते, केंद्राला हवं होतं ते. हसून हो म्हणायचं फक्त.

“नाही,” घड्याळ म्हणाली.

मुकादम बघत राहिला. बाईंना माहीत होतं, आत एक पोरगी त्याच्या कपाळाकडे बघत सेकंद मोजते आहे. बाहेर त्याही मोजायला लागल्या. साठ झाले. नव्वद झाले. नव्वदच्या पुढची तालीम त्यांनी कधी घेतलीच नव्हती.

“एक वाजला,” घड्याळ म्हणाली. “सुट्टी.”

आणि दार उघडून ती बाहेर आली. मागे मुकादम पेन हातात धरून तसाच. ती बाईंशेजारी क्रेटवर बसली, डबा उघडला, झाकण पालथं ठेवलं आणि जेवायला लागली.

“अगं, काय म्हणाला तो?” बाईंचा जीव टांगणीला.

“अजून म्हणाला नाही. दीडला सांगेल.”

“तू मधूनच उठून आलीस?”

“एक ते दीड सुट्टी असते,” मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात जरा वैताग होता. ही साधी गोष्ट या बाईंना कितीदा सांगायची?

पलीकडे लांब वेणीवाली टेबलाशी उभी होती. सुट्टी असूनही. तिचा ढीग तिच्यापुढे होता आणि तिची घडी एका बाजूला लोंबत होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. धार लावलेली सात वाक्यं जिभेवर आली होती. शेजारी मुलगी जेवत होती, घास मोजून, घाई न करता. बाईंनी ती सातही वाक्यं एकेक करून गिळली. अजून पचलेली नाहीत.

बरोबर दीडला मुकादम बाहेर आला. हातात कागद. तो मुलीच्या पुढे धरून म्हणाला, “सोमवारपासून कोपऱ्यातलं टेबल तुझं. तुझी फळी तुझी. बाकीच्यांचं मी बघतो.” त्याचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा होता. वरून फोन येत होते आणि वेळेवर घडी घालणारी त्याच्याकडे एकच होती, हे त्याला गेल्या दोन आठवड्यांत रिकाम्या फळ्यांनी समजावलं होतं. दयामाया वगैरे काही नाही. बाईंनी सही नीट पाहिली. तारीखही पाहिली.

“पण बाई,” मुकादम जाता जाता म्हणाला, “ते पत्रात लिहिलं होतं ना, आणखी चार पाठवा म्हणून. ते राहू द्या. अशा आणखी नका पाठवू.”

“पाठवणार,” करवत म्हणाली. “पाच.”

मुकादम निघून गेला. घड्याळनं कागदाची चार पदरी घडी घातली, कडेवर कड, आणि पट्ट्यात खोचली. मग तिनं बाईंकडे, म्हणजे त्यांच्या कपाळाकडे, पाहिलं.

“तुम्ही ‘पाठवणार’ हसून म्हणाला नाहीत.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “जा आता. एक बत्तीस झाले.”

“एकतीस,” मुलगी म्हणाली, आणि टेबलाकडे गेली.